ख्रिस्ती शोकलेख व त्यांमागील विचार

जुन्या कागदपत्रांचा व शिलालेखांचा संग्रह करणाऱ्या मंडळींच्या हातीं ख्रिस्ती मरणाशीं संबंध असलेलें साहित्य अधूनमधून येतें. वसईच्या किल्ल्यांतील एखाद्या थडग्याचा ठसा, गोव्याकडील मृत्युपत्राची नक्कल, पाद्र्यांच्या दप्तरांतील मृतांची यादी, इंग्रज अंमलदाराच्या कबरीवरील लांबलचक लेख, असें त्याचें स्वरूप असतें. बहुधा नांव व मिति एवढीं उतरून घेऊन बाकीचा मजकूर ठराविक म्हणून सोडून दिला जातो. वंशावळीच्या व कालनिर्णयाच्या कामीं नांव व मिति हींच उपयोगी पडतात हें खरें. परंतु सोडून दिलेल्या मजकुरांत पुराव्याचा मोठा भाग वायां जातो. मृतासाठीं काय मागितलें आहे, कोणाजवळ मागितलें आहे आणि काय मागावयाचें टाळलें आहे, यावरून लेख लिहविणाऱ्याचा पंथ व पुष्कळदां त्याचा काळही ओळखतां येतो. त्यासाठीं शोकाविषयीं ख्रिस्ती धर्माचा विचार काय आहे हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

या बाबतींत आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत, व त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली अशी कीं, मृत मनुष्य स्वर्गास गेला असें ख्रिस्ती मानतात, सबब त्यांच्या धर्मांत शोकास जागा नाहीं. दुसरी अशी कीं, मृतांसाठीं होणारा मिस्सा म्हणजे आपलें श्राद्धच, केवळ नांव निराळें. दोन्ही समजुतींत थोडथोडें तथ्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही वाचकास चकवितात.

मूळ ग्रंथापासून आरंभ करूं. बायबलच्या जुन्या करारांत शोक मुक्तकंठानें केलेला आढळतो. वस्त्रें फाडणें, गोणपाट नेसणें, डोक्यांत राख घालणें हे प्रकार तेथें नित्याचे आहेत. ईयोबाचे मित्र त्याच्या समाचारास आले ते सात दिवस व सात रात्री त्याजपाशीं जमिनीवर निमूट बसले. ते बोलूं लागले तेथून पुढें त्यांची चूक सुरू झाली, हें त्या ग्रंथाचें मर्म आहे. दावीद राजाच्या दोन शोककथा शेजारीं ठेवून वाचण्याजोग्या आहेत. तान्हें मूल आजारी असतां तो उपास करून रडत जमिनीवर पडला, आणि मूल गेल्याची वार्ता कळतांच उठून स्नान करून जेवला. चाकर चकित झाले. मूल परत येणार नाहीं, मलाच त्याजकडे जावयाचें आहे, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. परंतु तोच दावीद, बापाविरुद्ध बंड करून मारल्या गेलेल्या अबशालोमासाठीं असा विलाप करीत बसला कीं, सेनापतीस त्याची कानउघाडणी करावी लागली. एकाच पुरुषाच्या या दोन वर्तनांपैकीं कोणतें योग्य याचा निर्णय ग्रंथ देत नाहीं.

नव्या करारांत येशू लाजाराच्या कबरेपाशीं रडला असें योहान सांगतो. आणि क्षणभरानें आपण त्यास उठविणार हें ठाऊक असतांना रडला. पुढील सर्व टीकाकारांस या अश्रूंचा अर्थ लावावा लागला आहे, कारण पुनरुत्थानाची खात्री असली म्हणजे रडूं येऊं नये हा तर्क खुद्द ख्रिस्तापाशींच लटका पडतो. याच कथेंत येशू मरणास निद्रा म्हणतो. दफनभूमीस ग्रीक भाषेंत ख्रिस्ती लोकांनीं जो शब्द रूढ केला त्याचा मूळ अर्थ निजावयाची जागा असा आहे, व इंग्रजी, पोर्तुगीज इत्यादि भाषांतील शब्द त्याचेच वंशज आहेत. थडग्यावरील 'निजला', 'विसावला' हे शब्द केवळ मृदु बोलणें नसून सिद्धान्त आहेत. निजलेला उठावयाचा असतो.

सर्वांत अधिक उद्धृत झालेलें वचन पौलाचें आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीस सुमारें इ. स. ५० च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत, ज्यांस आशा नाहीं अशांसारखा शोक तुम्हीं करूं नये, अशा अर्थाचा उपदेश त्यानें केला आहे. हें वाक्य अर्धें वाचण्याची खोड फार जुनी आहे. शोक करूं नका असें पौल म्हणत नाहीं. निराशांसारखा करूं नका असें म्हणतो. ख्रिस्ती शोकाचा सारा इतिहास या एका विशेषणाच्या अर्थाभोंवतीं फिरतो असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

कडक अर्थ घेणारे पुष्कळ झाले. कार्थेज शहरीं सुमारें २५२ सालीं महामारी चालू असतां तेथील बिशप सिप्रियन यानें लिहिलें कीं, गेलेल्यांनीं तिकडे शुभ्र वस्त्रें परिधान केलीं असतां आपण इकडे काळीं नेसूं नयेत. योहान क्रिसोस्तोम (मृत्यु ४०७) यानें मोल देऊन आणलेल्या रडणाऱ्या बायांवर कोरडे ओढले, व ही चाल न सोडणारांस चर्चबाहेर ठेवण्याची धमकी दिली. धमकी द्यावी लागली यावरूनच चाल किती घट्ट होती हें दिसतें.

परंतु या प्रश्नाचा खरा उलगडा आम्हांस ऑगस्टिनच्या आत्मवृत्तांत सांपडतो. ३८७ सालीं त्याची आई मोनिका रोमजवळ ओस्तिया बंदरीं वारली. त्यानें स्वतः तिचे डोळे मिटले. त्याचा मुलगा आदेओदातुस मोठ्यानें रडूं लागला तेव्हां सर्वांनीं त्यास गप्प केलें. एवोदियुस नांवाच्या मित्रानें स्तोत्रसंहिता घेऊन गायनास आरंभ केला. ऑगस्टिन कोरड्या डोळ्यांनीं सर्व विधींस उभा राहिला, व आंतून आपल्या दुबळेपणाबद्दल स्वतःस दोष देत राहिला. स्नानानें चिंता दूर होते असें ऐकून तो स्नानास गेला. दुःख तसेंच राहिलें. मग झोंप लागली, आणि जागा झाल्यावर एकांतांत आंब्रोजच्या एका गीताची आठवण होऊन त्यानें अश्रूंस वाट दिली. जो कोणी या घटकाभराच्या रडण्याबद्दल मला हंसेल त्यानें हंसण्याऐवजीं माझ्या पापांसाठीं रडावें, असा त्याच्या म्हणण्याचा भाव आहे. बिशप झालेल्या मनुष्यानें हें लिहून ठेविल्यामुळें पुढील हजार वर्षें रडणाऱ्या ख्रिस्ती माणसास एक मोठा आधार मिळाला.

त्याच प्रकरणांत संग्राहकांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. नवऱ्याशेजारीं आपणांस पुरावें अशी मोनिकेची पूर्वीं फार इच्छा असे. मरणसमयीं तिनें ती सोडली. देह कोठेंही ठेवा, मात्र प्रभूच्या वेदीपाशीं माझें स्मरण करा, एवढेंच तिनें मागितलें. थडगें गौण व स्मरण मुख्य हा क्रम येथें स्पष्ट आहे. असें असूनही तिच्या थडग्यावर पद्यलेख कोरला गेलाच. त्याचा पाठ हस्तलिखितांवरून विद्वानांस माहीत होता. १९४५ सालीं ओस्तिया येथें सांत आउरेया चर्चलगत मुलें खेळासाठीं खड्डा खणीत असतां त्याच शिलालेखाचा तुकडा निघाला. हस्तलिखितांतील पाठ व दगड यांची अशी गांठ क्वचित् पडते.

वेदीपाशीं स्मरण करावयाचें तें कोणत्या दिवशीं, हा पुढचा प्रश्न. बादशहा थेओदोसियुस ३९५ सालीं वारला, त्याच्या चाळिसाव्या दिवशीं आंब्रोजनें केलेल्या भाषणांत कोणी तिसरा व तिसावा दिवस पाळतात, कोणी सातवा व चाळिसावा, असा उल्लेख आहे. पश्चिमेकडे सातवा, तिसावा व वर्षदिन हे स्थिर झाले, व गोव्यांत आणि उत्तर कोंकणांत सातव्या दिवसाचा व महिन्याचा मिस्सा आजही चालतो. तीस या संख्येस बळकटी आणणारी कथा पोप ग्रेगरीनें सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या संवादग्रंथांत आहे. त्याच्या मठांतील युस्तुस नांवाच्या साधूनें नियमाविरुद्ध सोन्याचीं तीन नाणीं लपविलीं होतीं. तीं सांपडल्यावर ग्रेगरीनें मरणोन्मुख युस्तुसाजवळ कोणास जाऊं दिलें नाहीं, व त्यास नाण्यांसकट उकिरड्यांत पुरविलें. तीस दिवसांनीं त्याची दया येऊन त्यानें सतत तीस दिवस मिस्सा करविला, आणि शेवटच्या दिवशीं मृतानें आपल्या भावास दर्शन देऊन आपली सुटका झाल्याचें सांगितलें. कॅथॉलिक मृत्युपत्रांत 'ग्रेगरीचे मिस्से' म्हणून तिसांचा आंकडा येतो त्याचें मूळ येथें आहे. तो आंकडा दक्षिणेचा दर समजून वाचूं नये. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस क्लुनी मठाचा प्रमुख ओदिलो यानें अकराव्या शतकाच्या सुमारास आपल्या मठांत सुरू केला, व तेथून तो सर्वत्र पसरला.

आतां श्राद्धाशीं असलेल्या साम्याकडे वळूं. दिवसांची गणना, भोजन, दानधर्म, मृताच्या नांवानें होणारा विधि हें साम्य उघड आहे. भेद पाहावयाचा तो अधिकाराचा. श्राद्धास कर्ता लागतो, व तो पुत्र असणें इष्ट मानिलें आहे. मिस्सा कोणासही, परक्यासही, कोणासाठींही करवितां येतो. निपुत्रिक मनुष्यास येथें भय नसतें, परंतु निर्धनास असतें. पैका नसलेल्यांसाठीं म्हणूनच बिरादऱ्या निघाल्या. गोव्याची सांता काझा दा मिझेरिकोर्दिया ही सोळाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत स्थापन झालेली संस्था मृतांस पुरणें हें सात दैहिक दयाकर्मांपैकीं एक कर्म म्हणून करी. आशियांत ठिकठिकाणीं मेलेल्या पोर्तुगिजांची मालमत्ता त्यांच्या पोर्तुगालांतील वारसांस पोंचविणें हेंही तिच्याकडे असे. यामुळें तिच्या दप्तरांतील जो कागद हिशेबी दिसतो, तोच शोकाचाही कागद असतो. मिस्स्यांची संख्या, मेणबत्त्या, काळें कापड हीं कलमें एका कुटुंबाच्या दुःखाचीं मापें आहेत.

सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतीनें हा सर्व व्यवहार अर्ध्या युरोपांत बंद पाडला. शुद्धिस्थान नाहीं, तेव्हां मृतांसाठीं प्रार्थनाही नाहीं, असें प्रॉटेस्टंटांनीं ठरविलें. उलट त्रेंत येथील परिषदेनें १५६३ सालीं शुद्धिस्थानाचा सिद्धान्त पुन्हा घोषित केला. इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकांत मृतासाठीं प्रार्थना होती, १५५२ च्या आवृत्तींतून ती गेली. १६४५ च्या वेस्टमिन्स्टर येथील नियमावलीनें तर प्रेत कांहीं विधि न करितां पुरावें असें ठरविलें. याचा अर्थ या लोकांचें दुःख आटलें असा नव्हे. ल्यूथरची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना १५४२ सालीं वारली तेव्हां आत्म्यानें आनंद व देहानें शोक अशी आपली स्थिति त्यानें वर्णिली आहे. मुलगी सुखांत आहे हें जाणूनही आपण इतके दुःखी असावें याचें त्याचें त्यासच आश्चर्य वाटत होतें. मृतासाठीं करण्यासारखें कांहीं कर्मच उरलें नाहीं, म्हणजे शोक शब्दांत व दगडांत भरतो. इंग्रजांच्या थडग्यांवरील लेख इतके लांब कां, याचें एक कारण आमच्या मतें हेंच.

हा भेद दगडावर कसा ओळखावा? पोर्तुगीज थडग्यावर बहुधा 'आकी जाझ', म्हणजे 'येथें पडला आहे', अथवा 'सेपुल्तुरा' व पुढें नांव असतें; कित्येकदां 'व त्याच्या वारसांची' अशी पुस्ती असते, ती थडगें कुटुंबाच्या मालकीचें असल्याची. अखेरीस पोर्तुगीजांत प, न, आ, म यांचीं आद्याक्षरें असतील तर तो वाचणारास केलेला अर्ज समजावा: या आत्म्यासाठीं एक 'पाद्रे नोस्सो' व एक 'आवे मारिया' म्हणा. अशी थडगीं पायांखालीं, चर्चच्या जमिनींत असत, कारण येणाऱ्याजाणाऱ्यानें तेवढी प्रार्थना करावी हाच हेतु. वसईच्या फ्रान्सिस्कन चर्चाच्या भग्नावशेषांत अशा शिलांनीं जमीन भरलेली आहे. गेर्सन द कुन्या यांनीं १८७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या चौल व वसई यांवरील ग्रंथांत तेथील लेखांची दखल घेतली आहे. इंग्रजी थडग्यावर 'स्मृतीस अर्पण' असा आरंभ असतो व मृताच्या गुणांचें वर्णन येतें. प्रार्थनेची मागणी नसते.

मात्र हा नियम डोळे मिटून लावूं नये. १८३३ नंतर ऑक्सफर्डच्या चळवळीमुळें इंग्रजी चर्चांतही जुने शब्द परत येऊं लागले. वाइट बेटावरील कॅरिसब्रुक येथें एका कॅथॉलिक विधवेनें पतीच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करा असें थडग्यावर कोरविलें, त्यावरून खटला झाला; १८३८ सालीं न्यायालयानें असा लेख बेकायदा नाहीं असा निकाल दिला. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील 'शांतीनें विसावो' या लॅटिन आद्याक्षरांवरून पंथ ठरवितांना दुसरा पुरावा पाहावा.

सुरतेस ऑक्सेंडन बंधूंचें थडगें आहे. जॉर्ज ऑक्सेंडन म्हणजे १६६४ च्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं सुरत लुटली त्या वेळीं इंग्रज वखार राखणारा अध्यक्ष. तो १६६९ सालीं वारला. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ सालींच गेला होता, व त्याच्या लॅटिन लेखांत अल्पायुष्याची गोष्ट व्यापाऱ्याच्या हिशोबाच्या भाषेंत सांगितली आहे. वर घुमट मात्र मुसलमानी धर्तीचे. शेजारच्या अमीरउमरावांच्या कबरींशीं बरोबरी करण्याची हौस यांत होती असें म्हणतात, तें खरें असावें. परंतु परदेशीं मेलेल्या भावाची आठवण त्या देशाच्या बांधणींत करावीशी वाटणें यांत निव्वळ हौसच होती असें आम्हांस वाटत नाहीं. ओल्ड गोव्याच्या रोझारी चर्चांतील दोना कातारिना हिच्या थडग्यावरील नक्षीही गुजराथी धर्तीचीच आहे.

एतद्देशीय ख्रिस्ती लोकांच्या शोकाचा पुरावा याहून विरळ व अधिक मोलाचा आहे, आणि त्यांतला बराचसा त्यांच्या विरोधकांनीं लिहिलेला आहे. गोव्याच्या इन्क्विझिशननें एप्रिल १७३६ मध्यें काढलेल्या जाहीरनाम्यांत जन्म, विवाह व मृत्यु या प्रसंगींच्या अनेक जुन्या चालींवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथामुळें तो सर्वांस उपलब्ध आहे. मरणानंतर घरांत होणारे शुद्धीचे व भोजनाचे प्रकार त्यांत आले आहेत. इन्क्विझिशनची स्थापना १५६० ची. पावणेदोनशें वर्षांच्या जरबेनंतरही मनाईची एवढी यादी करावी लागली. बाप्तिस्म्यानें नांव बदललें, देव बदलला, मंत्र बदलले. परंतु मनुष्य गेल्यावर घरांत कसें वावरावें तें सर्वांत शेवटीं बदललें. या कामीं मनाईहुकुमासारखा साक्षीदार नाहीं, व क्रिसोस्तोमच्या धमकीस लागू केलेला न्यायच येथें लागू पडतो.

मराठींत शोकास जी ख्रिस्ती वाणी मिळाली ती पुराणांच्या द्वारें. टोमास स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें व १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हा निघालें. या तिन्हीं आवृत्तींची एकही प्रत ज्ञात नाहीं. १९०७ ची मंगळूरची आवृत्ति हस्तलिखितांवरून झाली, व देवनागरी पोथी लंडनच्या मार्सडेन संग्रहांत आहे. त्याच्या दुसऱ्या पुराणांत ख्रिस्ताच्या यातनांचा व मृत्यूचा भाग आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचें केवळ यातनांवरील पुराण १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें, व उपवासकाळांत तें उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती लोक गात असत. या गायनाचें शोकविचारांतील स्थान ध्यानांत घेण्याजोगें आहे. योहान एवढेंच सांगतो कीं, मरिया क्रुसापाशीं उभी होती. आंब्रोजनें तर ती उभी असल्याचें मी वाचतों, रडल्याचें वाचीत नाहीं, असें मुद्दाम म्हटलें. परंतु मध्ययुगांतील भक्तांनीं तिला पोटभर रडूं दिलें, आणि तिच्या विलापांत आपापले विलाप मिसळले. ज्या घरांत मृतासाठीं मोठ्यानें रडणें पाद्र्यास खपत नसे, त्या घरच्या बायांस शुभ शुक्रवारीं परक्या पुत्रासाठीं रडण्याची पूर्ण मुभा होती. क्रुसावरून मूर्ति उतरवून तिची प्रेतयात्रा काढण्याची जी रीत गोव्यांत आहे, तिच्याकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे गर्दीचें कारण कळतें.

थडग्यांची जागा बदलली तेव्हांही असाच क्षोभ झाला. पोर्तुगालांत १८३५ च्या हुकुमानें चर्चांत पुरण्याची बंदी झाली. १८४६ सालीं मिन्यु प्रांतांत जें बंड उठलें त्याचें एक कारण ही बंदी होती, व त्यांत पुढाकार बायकांचा होता. आपलें माणूस प्रार्थनेच्या पावलांखालून उचलून गांवाबाहेर टाकलें जातें, ही त्यांची तक्रार वर सांगितलेल्या आद्याक्षरांच्या अर्जाशीं जुळते. चर्चांतील शिला यानंतर नव्या पडेनाशा झाल्या, आणि दुरुस्तीच्या वेळीं जुन्या उचलल्या गेल्या.

१९६९ च्या नव्या अंत्यविधीनें कॅथॉलिक चर्चाच्या शोकाचा रंगही पालटला. काळ्या वस्त्रांची सक्ति गेली, जांभळीं व पांढरीं चालूं लागलीं, अंतिम न्यायाचें भयानक लॅटिन गीत अंत्यविधींतून वगळलें गेलें. सिप्रियनचें म्हणणें सतराशें वर्षांनीं मान्य झालें असें कोणी म्हटल्यास त्यास दोष देतां येणार नाहीं. त्यानंतर जुनीं लॅटिन प्रार्थनापुस्तकें निरुपयोगी ठरून रद्दींत निघूं लागलीं. त्यांच्या पानांत काळ्या किनारीच्या लहान स्मरणपत्रिका खुणेसाठीं घातलेल्या असतात. एका बाजूस संताचें चित्र, दुसऱ्या बाजूस मृताचें नांव, मिति व प्रार्थनेची विनंति. पुस्तक घेणारानें त्या पत्रिका झटकून टाकूं नयेत, आणि कोणती पत्रिका कोणत्या पानांत होती तेंही लिहून ठेवावें.